वेबसाइट बदलताय? आधी ग्राहक ठरवा

गोंडपिपरी परिसरातल्या लहान बांधकाम ठेकेदारांसाठी

‘वेबसाइट केली, पैसे गेले. फोन येतात, पण ते फुटाचा भाव विचारून ठेवून देणाऱ्यांचे.’ गोंडपिपरी, पोंभुर्णा, आष्टी, चामोर्शी या पट्ट्यातले लहान ठेकेदार हीच अडचण वेगवेगळ्या शब्दांत सांगतात. मग कुणी सुचवतं रंग बदला, कुणी म्हणतं गुगलला पैसे भरा, तर कुणी खेड्यात वेबसाइट लागतच नाही असं ठासून सांगतं. पुन्हा पैसे घालण्याआधी तुमची आताची वेबसाइट ग्राहक होऊन एकदा उघडून बघा. बहुतेक ठिकाणी वर इंटरनेटवरून उचललेला बहुमजली इमारतीचा फोटो असतो, खाली ‘सर्व प्रकारची बांधकामे योग्य दरात’ ही ओळ आणि मग मोबाइल नंबर. एवढं वाचून माणूस भावाखेरीज दुसरं काय विचारणार? दोन ठेकेदारांत फरक करता येईल असं काही त्याच्यासमोर नसतंच.

फेररचनेत खरी कामं दोन. कुणाचं काम हवंय ते ठरवायचं आणि त्या माणसाला फोन करण्याआधी जे जाणून घ्यायचं असतं ते पानावर मांडायचं. रंग, अक्षरं, चित्रं यांचा विचार त्यानंतर.

आधी जुनी वही काढा

गेल्या तीन-चार वर्षांतली कामं कागदावर उतरवा. प्रत्येक कामापुढे लिहा:

- ग्राहक कोण होता, राहत कुठे होता
- हप्ते वेळेवर आले की अडकले
- मधेच बदल किती सांगितले आणि त्यांचे पैसे दिले का
- त्याच्या ओळखीतून पुढचं काम मिळालं का

यादी पुरी झाली की तुमचा चांगला ग्राहक कोण ते दिसू लागेल. आपल्या भागात साधारण चार प्रकार निघतात.

नोकरी बाहेर, घर गावात. वेकोलिच्या खाणीत, बल्लारपूर-गडचांदूरकडच्या कारखान्यांत, नागपूर, पुणे किंवा हैदराबादेत असलेला माणूस गावात आई-वडिलांसाठी घर बांधायला काढतो. पैशाची तयारी असते. धास्ती असते ती आपल्यामागे साइटवर काय चाललंय याची.

कर्ज काढून बांधणारे. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका यांना बँक बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे हप्ते देते. त्यांना अभियंत्याच्या सहीचं अंदाजपत्रक, टप्प्यांचे फोटो आणि पक्की बिलं हवी असतात. हे देणारा ठेकेदार सापडला की ते भावासाठी फार ताणत नाहीत.

दुकानं, गोदामं, भाड्याच्या खोल्या. सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक आणि चामोर्शी तालुक्यातला कोनसरीचा प्रकल्प यांच्या भोवतीनं बांधकाम करणाऱ्याला मुदत पाळणारा माणूस लागतो.

दुरुस्तीवाले. कवेलू काढून स्लॅब टाकायचा, गळकी गच्ची दुरुस्त करायची, आवारभिंत बांधायची. कामं लहान, पण पैसा लवकर मोकळा होतो.

यांतले एक किंवा दोनच निवडा. माझं मत विचाराल तर वेबसाइटचा सर्वांत जास्त उपयोग पहिल्या प्रकारासाठी होतो. गावातला माणूस ठेकेदार नात्यागोत्यातून शोधतो. बाहेर राहणारा रात्री मोबाइलवर शोधतो.

तुम्ही फक्त शासकीय कामं करत असाल तर मात्र या खर्चात पडू नका. ती कामं महाटेंडर्स पोर्टलवरच्या निविदेतून मिळतात, तुमची वेबसाइट पाहून नाही.

नवी वेबसाइट हवीच का?

पर्याय तीन आहेत.

१. वेबसाइट नको, गुगल बिझनेस प्रोफाइल आणि व्हॉट्सॲप बिझनेस पुरे. दोन्ही मोफत आहेत. फक्त मजुरीवर कामं घेत असाल आणि कामं तालुक्याबाहेर जात नसतील तर इथेच थांबा.

२. आहे तीच वेबसाइट दुरुस्त करा. डोमेन (वेबसाइटचं नाव) तुमच्या ताब्यात आहे आणि मजकूर बदलता येतो, तर बहुतेकांना एवढं पुरतं.

३. नवी बांधा. जुनी मोबाइलवर नीट उघडत नसेल, करून देणाऱ्याचा पत्ता लागत नसेल किंवा ती बंदच पडली असेल तर हाच मार्ग.

वेबसाइट आपोआप गायब झाल्याचं काही जण सांगतात. गुगल बिझनेस प्रोफाइलसोबत फुकट मिळणारी एकपानी वेबसाइट अनेकांनी केली होती. गुगलनं ती सोय मार्च २०२४ मध्ये सगळ्यांसाठीच बंद केली. नकाशावरचं तुमचं प्रोफाइल मात्र कायम असतं. त्यात जुन्या वेबसाइटचा पत्ता राहिला असेल तर काढून टाका.

पहिल्या पानावर काय ठेवाल?

मोबाइलच्या पहिल्या पडद्यावर, बोट न सरकवता, तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: काय बांधता, कोणत्या गावांत बांधता आणि फोन किंवा व्हॉट्सॲपचं बटण. ‘गोंडपिपरी, पोंभुर्णा, मूल आणि आष्टी परिसरात राहती घरं, पायापासून रंगापर्यंत’ ही ओळ कोणत्याही घोषवाक्यापेक्षा उपयोगी पडते. वाचणारा तिथेच ठरवतो की आपलं काम यात बसतं की नाही.

त्याखाली काय करत नाही तेही लिहा. ‘फक्त मजुरीची कामं घेत नाही’, ‘अभियंत्याच्या नकाशाशिवाय दुसरा मजला चढवत नाही’, ‘एका वेळी दोनच घरं घेतो’. असं लिहिलं तर ग्राहक तुटेल अशी भीती वाटते. तुटतो तो बहुधा असा ग्राहक, ज्याच्या कामात शेवटचा हप्ता अडकला असता. बाहेरगावचा माणूस उलट हीच ओळ वाचून विश्वास टाकतो.

फोटो: रंगवलेल्या घरापेक्षा उघडा स्लॅब दाखवा

तयार घराचा रंगीत फोटो सगळ्यांकडे असतो. पाया किती खोल गेला, रिंगा किती अंतरावर बांधल्या, कव्हर ब्लॉक ठेवले का, हे रंगाखाली झाकलं जातं आणि ग्राहकाची काळजी नेमकी त्याचीच असते. म्हणून एकच घर निवडा आणि त्याचे टप्पे तारखांसह लावा: आखणी, खोदकाम, पायाची जाळी, जोतं, कॉलम, सेंट्रिंग, लोखंड बांधलेला स्लॅब, क्युरिंग, प्लॅस्टर, रंग.

यात क्युरिंगच्या फोटोला मी सर्वांत जास्त महत्त्व देईन. चंद्रपूरच्या मे महिन्यात स्लॅबवर मातीची आळी करून पाणी भरलेलं आहे, कॉलमना ओलं गोणपाट गुंडाळलंय, हे एका फोटोत दिसतं. खाली दोन ओळी लिहा: आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीट किमान १० दिवस ओलं ठेवावं लागतं आणि राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट असेल तर ही मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस आहे. नियम माहीत असलेला आणि पाळणारा ठेकेदार या एका फोटोतून ओळखू येतो.

फोटो लावताना तीन पथ्यं पाळा:

- घरमालकाची परवानगी लेखी घ्या, व्हॉट्सॲपवरचा ‘चालेल’ही जपून ठेवा
- घराचा पत्ता, नकाशावरची खूण, दारावरची पाटी, घरातली माणसं दाखवू नका. गावाचं नाव पुरेसं आहे
- दुसऱ्याच्या कामाचा किंवा इंटरनेटवरचा एकही फोटो ठेवू नका

भाव लिहायचा का?

सर्वांत जास्त वाद याच प्रश्नावर होतो. चौरस फुटाचा नुसता आकडा लिहू नका, पण भाव लपवूही नका. तुम्ही पुरं केलेल्या एका घराचं नमुना अंदाजपत्रक मालकाचं नाव काढून ठेवा आणि त्यात काय धरलं, काय नाही ते स्पष्ट करा. भांडणं बहुतेक या गोष्टींवरून होतात:

- काळ्या मातीत पाया जास्त खोल न्यावा लागला तर वाढीव खर्च कुणाचा
- जोत्यातली मुरूम भराई
- सेप्टिक टँक, बोअर, पाण्याची टाकी
- वीज आणि नळाचं साहित्य कोणत्या प्रतीचं
- आवारभिंत, फाटक, जिन्यावरची टॉवर खोली
- सागवानी चौकटी की लोखंडी

शेवटच्या मुद्द्यावर आपल्याकडे विशेष लक्ष द्या. आलापल्ली-बल्लारशाच्या सागवानाचं नाव मोठं आहे, त्यामुळे चौकट सागवानी असणार हे ग्राहक गृहीतच धरतो. लाकूड कोणतं, बिल आणि वाहतूक परवान्यासह घेतलेलं आहे का, हे आधीच लिहिलेलं बरं.

अंदाजपत्रकावर तारीख घाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला; त्याआधीचे आकडे वेबसाइटवर तसेच पडून असतील तर ते चुकीचे ठरतात. पावसाळ्यात नदीपात्रातला रेतीउपसा बंद असतो तेव्हा रेतीचा भाव चढतो, हेही नोंदवा. शिवाय एक ओळ जीएसटीची: एका कुटुंबाच्या स्वतंत्र घराचं नवं बांधकाम फक्त मजुरीवर असेल तर त्याला सूट आहे, साहित्यासह काम असेल आणि तुमची जीएसटी नोंदणी असेल तर कर लागतो.

कॅलेंडर प्रामाणिकपणे लिहा

शहरातल्या वेबसाइटवरून ‘सहा महिन्यांत घर तयार’ ही ओळ उतरवून घेऊ नका. आपल्याकडचं बांधकाम मजुरांच्या वर्षावर चालतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला धानाची रोवणी आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी असते, थंडी सरता सरता अनेक कुटुंबं तेलंगणात मिरची तोडायला जातात, मग मोहफुलं आणि मेमध्ये तेंदूपत्ता. या दिवसांत मिस्त्री मिळतो, मजूर मिळत नाहीत. गावच्या ग्राहकाला हे माहीत असतं. पुण्यात बसलेल्याच्या ते लक्षात राहत नाही आणि काम थांबलं की तो तुम्हाला फसवा समजू लागतो.

म्हणून महिन्यांचा साधा तक्ता ठेवा: कोणत्या महिन्यात पाया घेतला तर स्लॅब कधी पडेल, कोणते आठवडे मंद जातील, पावसाआधी कोणतं काम उरकलंच पाहिजे. त्याच्याच बाजूला ‘दर रविवारी साइटचे फोटो आणि आठवड्याचा हिशेब व्हॉट्सॲपवर’ असं लिहा. जमणार असेल तरच लिहा, आणि लिहिलं तर एकही रविवार चुकवू नका. बाहेर राहणाऱ्या ग्राहकाला याच गोष्टीसाठी तुम्ही हवे असता.

भाषा आणि नेटवर्क

मुख्य मजकूर मराठीतच ठेवा. पण शोधताना बरेच जण रोमन लिपीत टाइप करतात आणि गोंडपिपरीचं रोमन स्पेलिंग दोन-तीन प्रकारे लिहिलं जातं. ही रूपं पानावर एकदा तरी यायला हवीत, नाहीतर शोधात तुम्ही सापडणार नाही. अहेरी-सिरोंचाकडची कामं घेत असाल तर तेलुगूत, मुलचेरा-चामोर्शीकडच्या बंगाली वस्त्यांसाठी बंगालीत चार ओळी आणि बोलणाऱ्या माणसाचं नाव ठेवलं तर चौकशी सोपी होते. भाषांतर मशीनवर सोडू नका, त्या भाषेच्या माणसाकडून वाचून घ्या.

जंगलपट्ट्यात नेटवर्क येतं-जातं. फिरती चित्रं, व्हिडिओ, आपोआप वाजणारं संगीत काढून टाका. प्रत्येक फोटो दोनशे केबीच्या आत बसवायला सांगा. गुगलच्या पेजस्पीड इन्साइट्स या मोफत साधनावर पत्ता टाकून बघा. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला तर वेग चांगला मानतात. त्याहून खात्रीची परीक्षा म्हणजे साध्या मोबाइलवर, वायफाय बंद करून, आष्टीच्या पुढे कुठेतरी वेबसाइट उघडून पाहणं.

चौकशीत पाच प्रश्न

फॉर्म असो की व्हॉट्सॲप, एवढं विचारा: जागा कोणत्या गावात आहे, मोजमाप किती, जागा गावठाणातली की अकृषक की शेतातली, काम कधी सुरू करायचंय, पैसा स्वतःचा की कर्जाचा. या उत्तरांवरून साइट पाहायला जायचं की नाही ते ठरवता येतं आणि पेट्रोल वाचतं.

आधार क्रमांक, सातबाराची प्रत, बँकेचा तपशील वेबसाइटवर मागू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे. लोकांची माहिती गोळा केली की ती सांभाळण्याची जबाबदारी येते. न लागणारी माहिती न घेणं सगळ्यांत सोपं.

हे मुळीच लिहू नका

- ‘घरकुल योजनेचे अधिकृत ठेकेदार’. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये घर लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं असतं, शासनानं त्यासाठी ठेकेदार नेमायचा नसतो. अनुदानात स्वतःची भर घालून बांधणाऱ्याचं काम तुम्ही जरूर घ्या. हप्ते टप्प्यांप्रमाणे आणि जागेची नोंद असलेल्या फोटोंवर सुटतात, ते सांभाळून काम करू असं लिहा.
- राजमुद्रा किंवा शासकीय खात्यांची चिन्हं. राजमुद्रेच्या गैरवापराला २००५ च्या कायद्यानं मनाई आहे.
- ‘आयुष्यभराची हमी’, ‘गळती झाल्यास पैसे परत’. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार घरबांधणी ही सेवा आहे. फसवी जाहिरात केली तर ग्राहक आयोगात जाऊ शकतो आणि तुमचं पानच पुरावा म्हणून दाखवू शकतो. गळतीची हमी द्यायचीच असेल तर किती वर्षं आणि कशाकशाची ते लिहा.
- जाता जाता टाकलेली प्लॉट किंवा फ्लॅट विक्री. महारेराची नोंदणी लागणाऱ्या प्रकल्पाची त्या नोंदणीशिवाय जाहिरात करता येत नाही.
- विकत घेतलेले अभिप्राय. गावातल्या गावात ते दोन दिवसांत उघडे पडतात.

वेबसाइट करून देणाऱ्याशी व्यवहार

तुमचं सर्वांत जास्त नुकसान इथेच होऊ शकतं, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइलवर नोंदलेलं असलं पाहिजे. ‘मी सगळं बघतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका’ म्हणत करून देणारा ते स्वतःच्या खात्यात घेतो. पुढे बिनसलं किंवा त्यानं धंदा बदलला की नूतनीकरण राहून जातं. मग गाडीवर, कार्डावर, बोर्डावर छापलेला पत्ता निकामी होतो.

मालकीबद्दल आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार तुम्ही पैसे देऊन काढून घेतलेले फोटो, उलट करार नसेल तर, तुमचे असतात. पण बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेला मजकूर आणि वेबसाइटचा कोड यांचे पहिले मालक ते करणारे असतात, पैसे तुम्ही दिलेले असले तरी. तो हक्क तुमच्याकडे यायचा तर सहीनिशी लेखी हस्तांतर लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो. म्हणून ‘कायमस्वरूपी’ हा शब्द करारात असू द्या.

साध्या कागदावर का होईना, एवढं लिहून घ्या:

- डोमेन, होस्टिंग आणि वेबसाइट यांचे लॉगिन काम संपताच तुमच्या हाती येतील
- मजकूर आणि कोडचे हक्क कायमस्वरूपी तुमचे
- दरवर्षीचा खर्च किती, आणि तो कशाकशाचा
- फोन नंबर, फोटो, अंदाजपत्रक तुम्ही स्वतः बदलू शकाल आणि ते शिकवलं जाईल
- जुनी वेबसाइट असेल तर तिच्या पानांचे पत्ते नव्या पानांकडे वळवले जातील. नाहीतर गुगलवर मिळालेली जागा जाते
- पैसे तीन हप्त्यांत, शेवटचा लॉगिन मिळाल्यावर

‘गुगलवर पहिला नंबर, गॅरंटी’ म्हणणाऱ्याला नकार द्या. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गुगल स्वतः सांगतं. बिझनेस प्रोफाइल चालू ठेवण्यासाठी पैसे मागणारा फोन आला तर तोही खोटा समजा. उद्यम नोंदणीही पूर्णपणे मोफत आहे. तिच्यासाठी ‘शासकीय फी’ मागणाऱ्या वेबसाइट टाळा.

पैसे घेऊन काम झालंच नाही तर? धंद्यासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात सहसा बसत नाही, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली सेवा बसते. लहान ठेकेदाराला या तरतुदीचा आधार घेता येतो. आधी लेखी नोटीस द्या. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा तुमच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. करून देणारा नागपूरचा असो की बंगळूरूचा, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार चालते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी लागत नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून तक्रार ऑनलाइनही दाखल होते. पावत्या आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका.

सुरू झाल्यावर

तीन महिने एक वही ठेवा: फोन कुठून आला, कोणतं गाव, कोणतं काम, ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’, आणि काम ठरलं का. किती लोकांनी वेबसाइट पाहिली या आकड्यापेक्षा ही वही जास्त सांगते. फोन कमी झाले आणि ठरलेली कामं वाढली तर बदल बरोबर झाला. तोच तो प्रश्न चार जणांनी विचारला तर त्याचं उत्तर पानावर घाला.

या सगळ्यासाठी पावसाळा चांगला. स्लॅबची कामं कमी असतात आणि दिवाळीत गावी येणारी मंडळी घराचं बोलणं काढण्याआधी पान तयार होतं. फोटो मात्र आत्तापासून काढत राहा. आणि डोमेनच्या खात्याचा लॉगिन तुमच्याकडे नसेल तर वेबसाइट करून देणाऱ्याला आज फोन करा आणि तो मागून घ्या. तो हातात येईपर्यंत नव्या रचनेसाठी कुणालाही बयाणा देऊ नका.